लॅपटॉप घेताना : बदलता येते ते आणि येत नाही ते

मध्य प्रदेशात मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांस लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देण्याची शासकीय योजना २००९-१० मध्ये सुरू झाली. ४ जुलै २०२५ रोजी भोपाळ येथील समारंभात एकाच वेळी ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यांत ही रक्कम जमा करण्यात आली. तामिळनाडू शासनाने २०११ पासून विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष यंत्र ठेवले. आपल्याकडे शासन पैसा देते आणि निवडीचा भार घरावर सोपविते. हा भार लहान नाही. योजनेच्या प्रारंभी जी रक्कम होती तीच आजही आहे, आणि चार वर्षे भरवशाने चालेल असा लॅपटॉप त्या रकमेत बसत नाही. उरलेले वीस-पंचवीस हजार आईच्या ठेवीतून, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून, क्वचित आजीच्या पाटल्यांतूनही येतात. म्हणून ही खरेदी घरातल्या सर्वांची असते, आणि ती फसली तर पदवीची तीन-चार वर्षे त्या मुलाला अडखळणाऱ्या यंत्राबरोबर काढावी लागतात. दुसरे यंत्र घेण्याची ऐपत मध्यमवर्गीय घरात इतक्या लवकर पुन्हा येत नाही.

ग्वाल्हेर, देवास, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांच्या घरीही, योजना असो वा नसो, प्रश्न हाच आहे. मध्यम किमतीचा, घरच्या व अभ्यासाच्या कामाला पुरेल आणि मुलाला थोडेफार खेळताही येईल असा लॅपटॉप कसा निवडावा? या महिन्याच्या लेखात त्याचा विचार करू.

प्रथम कामाची यादी कागदावर लिहावी. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास टॅली, हिशेबाचे तक्ते आणि पाठांच्या चित्रफिती एवढ्यावर भागते. कला शाखेच्या विद्यार्थ्यास लेखन-वाचन पुरते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास यंत्रभागांची आरेखने करावी लागतात, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास एका वेळी अनेक प्रणाली उघड्या ठेवाव्या लागतात. त्यांची गरज निश्चितच मोठी. या यादीत शेवटी एक ओळ हवी, जी बहुतेक घरांत लिहिली जात नाही : खेळ.

ही ओळ न लिहिल्यामुळेच पुष्कळ गोंधळ होतो. मुलाच्या मनात खेळ असतो, तोंडी अभ्यास असतो. वडिलांना ते कळत असते, पण तेही बोलत नाहीत. मग मुलगा दुकानात 'कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ग्राफिक्स कार्ड लागते' असे सांगून पंधरा हजारांनी महागडे यंत्र घेववितो, अथवा वडील 'अभ्यासाला एवढे पुरे' म्हणून असे दुबळे यंत्र घेतात की त्यावर धड अभ्यासही होत नाही. अठरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी तासभर खेळला तर काही बिघडत नाही. आपल्या पिढीने कॅरम आणि पत्ते यांवर याहून अधिक वेळ घालविला आहे. तेव्हा 'तुला कोणते खेळ खेळायचे आहेत, त्यांची नावे सांग' असे मोकळेपणी विचारावे. नावे कळली की अर्धे काम झाले, कारण प्रत्येक खेळाचे निर्माते त्यास किमान कोणते यंत्र लागते हे जाहीर करीत असतात. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, बुद्धिबळ अथवा २०१५ मध्ये संगणकावर आलेला जीटीए फाइव्ह हे खेळ, चित्रांची पातळी थोडी खाली ठेवल्यास, स्वतंत्र ग्राफिक्स नसलेल्या चांगल्या यंत्रावरही चालतात. गेल्या दोन-तीन वर्षांत निघालेले भव्य चित्रणाचे खेळ तसे चालत नाहीत. या दोहोंमधील अंतर पंधरा ते वीस हजार रुपयांचे आहे, आणि ते द्यायचे की नाही हे घरी ठरवावे; दुकानाच्या काउंटरवर ठरवू नये.

एक मर्यादा मात्र निःसंदिग्ध शब्दांत सांगावी. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केलेल्या कायद्याने निषिद्ध ठरविले आहेत. मनोरंजनाचा खेळ आणि पैशाचा जुगार यांतील रेषा मुलास यंत्र हाती देतानाच दाखवून द्यावी.

आता प्रत्यक्ष निवड. उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारली. पितळेच्या लहान यंत्रांचे आस झिजतात, ती हलतात आणि त्यांवर सूक्ष्म विभाग पाडता येत नाहीत असे अनुभवास आल्यावर त्यांनी चुना-दगडाची प्रचंड यंत्रे बांधविली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत त्या वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला आणि सम्राट यंत्राच्या छायेवरून आजही वेळ वाचता येते. दिसण्यास सुबक अशा यंत्रांऐवजी, ज्यात झिजण्यासारखे काही नाही अशी यंत्रे त्या राजाने पसंत केली. लॅपटॉप तीनशे वर्षे टिकण्याचा प्रश्नच नाही; तो पाच-सहा वर्षे टिकला तरी मिळविली. परंतु विचाराची रीत तीच ठेवावी. या यंत्रातील कोणता भाग पुढे बदलता येईल आणि कोणता जन्मभर तोच राहील, हे आधी पाहावे. जो बदलता येणार नाही त्यावर पैसा खर्च करावा. जो पुढे बदलता वा वाढविता येईल तेथे हात आखडता घेतला तरी चालेल. सर्व निवडीचे सूत्र एवढेच आहे.

न बदलणाऱ्या भागांत पहिला मान प्रोसेसरचा. तो यंत्राचा मेंदू असून मुख्य पट्टीवर कायमचा डाखलेला असतो. दुकानात येथेच सर्वाधिक दिशाभूल होते. 'भैया, आय-फाइव्ह है, आँख मीचकर ले जाइए' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा ग्राहक आमच्या फ्रीगंजच्या बाजारात विरळा. परंतु आय-फाइव्ह हे नाव झाले. त्यापुढील आकड्यावाचून त्यास अर्थ नाही. इंटेलच्या १२३५यू या संख्येतील पहिले दोन अंक बारावी पिढी सांगतात. ८२५०यू हा आठव्या पिढीचा. दोन्ही आय-फाइव्हच, पण त्यांच्यामध्ये चार-पाच वर्षांचे अंतर आहे. बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री आठव्या पिढीच्या आय-फाइव्हला मागे टाकतो. अखेरचे अक्षरही वाचावे : 'यू' म्हणजे वीज कमी घेणारा, 'एच' म्हणजे अधिक बळाचा व अधिक उष्ण होणारा.

एएमडीच्या रायझनचे कोडे याहून अवघड आहे. त्या कंपनीने २०२२ मध्ये आखलेल्या पद्धतीत चार अंकी संख्येतील पहिला अंक बाजारात आल्याचे वर्ष सांगतो आणि आतली रचना किती नवी हे तिसरा अंक सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे सख्ख्या भावांसारखी दिसतात. वस्तुतः पहिल्यात चार गाभे असून रचना २०१९ च्या सुमाराची आहे. दुसऱ्यात सहा गाभे असून रचना एक पिढी पुढची आहे. खेळाच्या दृष्टीने तर पहिल्याचे ग्राफिक्स फारच तोकडे आहे. एका अंकाचा फरक, आणि तो चार वर्षे सोसावा लागतो. म्हणून प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, कागदावर उतरवून घेतल्याखेरीज होकार देऊ नये. सेलेरॉन, पेंटियम आणि त्यांच्या जागी आलेले एन-मालिकेतील प्रोसेसर पत्रव्यवहारास व चित्रपट पाहण्यास ठीक आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यास ते घेऊन देऊ नयेत.

दुसरा भाग स्मृतीचा, म्हणजे रॅमचा. हा काही यंत्रांत बदलता येतो, काहींत नाही, म्हणून येथे प्रश्न विचारावाच लागतो. आज आठ जीबी ही खालची मर्यादा समजावी आणि सोळा जीबी ही सोयीची. पातळ व हलक्या यंत्रांत रॅम बहुधा पट्टीवरच डाखलेली असते. तेथे आठ घेतली तर शेवटपर्यंत आठच. दुसऱ्या प्रकारात काही भाग डाखलेला आणि एक खाच रिकामी असते. तिसऱ्यात दोन खाचा असतात. खाच असेल तर आज आठ घेऊन दोन वर्षांनी आणखी आठ घालता येतात, आणि गरीब घराला हा मोठाच दिलासा आहे. ज्या यंत्रात स्वतंत्र ग्राफिक्स नाही त्यात खेळाची चित्रे याच स्मृतीतून रंगविली जातात. त्यामुळे एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन समान पट्ट्या घातल्यास खेळ लक्षणीय रीतीने सुधारतो. इंटेलचे आयरिस एक्सई ग्राफिक्स तर स्मृती दुहेरी मार्गाने जोडली असेल तरच आपल्या पूर्ण बळाने चालते.

साठवणीचा भाग बहुतेक यंत्रांत बदलता येतो, म्हणून त्याची काळजी कमी. तो एसएसडी या प्रकारचा असावा, एवढे पाहावे. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क मुख्य साठवण म्हणून आता घेऊ नये. ५१२ जीबी पुरेशी आहे. एकेक मोठा खेळ शंभर जीबीच्या आसपास जागा व्यापतो, तेव्हा २५६ जीबीत अभ्यास आणि खेळ एकत्र नांदत नाहीत. दुसरी खाच रिकामी असेल तर पुढे जागा वाढविता येते.

ग्राफिक्स हा पुन्हा न बदलणारा भाग. येथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट प्रोसेसरच्या पोटातच असलेल्या ग्राफिक्सची. यंत्र दीड किलोच्या आसपास, बॅटरी चांगली टिकते, उष्णता कमी. वर सांगितलेले हलके खेळ, कार्यालयीन काम आणि आरेखनाचे प्राथमिक शिक्षण यांस ही वाट पुरते. दुसरी वाट स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची. आपल्या किमतीच्या टप्प्यात एनव्हिडियाचे आरटीएक्स २०५० आणि ३०५० हे दोन येतात. नावाने पुन्हा फसू नये. लॅपटॉपमधील ३०५० ला ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत वीज देण्याची मुभा निर्मात्यांना आहे, आणि त्या प्रमाणात त्याचे बळ कमी-अधिक होते. पातळ यंत्रातील ३०५० जाड यंत्रातील ३०५० ची बरोबरी करीत नाही. हे वॅट कंपनीच्या तपशीलपत्रात सापडतात, खोक्यावर क्वचितच असतात. या वाटेचे यंत्र सव्वादोन किलोच्या पुढे जाते, त्याचा चार्जर विटेएवढा असतो आणि बॅटरी दुपारी मान टाकते. नानाखेड्याच्या बसस्थानकावरून रोज इंदूरला पंचावन्न किलोमीटर जाणाऱ्या-येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीने हा विचार केला पाहिजे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल, अथवा यंत्र वसतिगृहाच्या टेबलावरच राहणार असेल, तर दुसरी वाट योग्य. अन्यथा पहिलीच बरी. मुलाने दुसऱ्या वाटेचा हट्ट धरला तर त्यास तपशीलपत्र वाचून दाखवावयास सांगावे. वाचता वाचता हट्टाचे रूपांतर विचारात होते, असा माझा विद्यार्थ्यांच्या बाबतीतला अनुभव आहे.

पडदा हाही न बदलणाऱ्यांतच मोडतो. तो बदलता येतो, पण खर्च इतका येतो की बदलू नये. १९२० गुणिले १०८० बिंदूंहून कमीचा पडदा घेऊ नये. तो आयपीएस प्रकारचा असावा, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग उडालेले दिसत नाहीत. याची परीक्षा सोपी आहे. दुकानात पडद्यावर गडद चित्र लावून यंत्राच्या डाव्या-उजव्या बाजूस उभे राहावे आणि मान खालीवर करून पाहावे. नंतर एका हाताने पडदा उघडावा, बिजागरीचा आवाज ऐकावा, कळफलकाच्या मध्यभागी बोटाने दाबून तो किती खचतो ते पाहावे. स्वस्त यंत्रांत बिजागरी आधी जाते, आणि ती जाताना पडद्याची चौकटही फोडते.

कळफलकाविषयी आपल्या घरांसाठी एक स्वतंत्र शब्द. आपली मुले शाळेत हिंदी व इंग्रजी लिहितात. मराठी ती बोलतात, क्वचित वाचतात, लिहीत जवळजवळ नाहीत. लॅपटॉप घरी येईल तेव्हा ही उणीव भरून काढण्याची आयती संधी असते. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक आणि उच्चारानुसारी कळफलक असे दोन्ही आत असतातच, वेगळे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडावयाची एवढेच. इन्स्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिप्यांसाठी एकाच तत्त्वावर आखलेला भारतीय मानक कळफलक आहे. जो तो शिकला त्याला हिंदी व मराठी दोन्ही साधतात, आणि मध्य प्रदेशातील संगणक-प्रावीण्याच्या सीपीसीटी परीक्षेतही तो चालतो. त्यात 'ल'च्या कळीवर शिफ्ट दाबली की 'ळ' उमटतो. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांच्या लेखणीतून जे अक्षर सर्वांत आधी निसटते ते एका बोटाच्या अंतरावर आहे, हे त्यांना दाखवून द्यावे. पहिले पत्र आजीस लिहावयास सांगावे.

बॅटरी झिजणार हे निश्चित, आणि ती बदलताही येते; म्हणून तिचा विचार शेवटी. तिचे माप वॅट-तासांत असते. लेखन-वाचनात यंत्र आठ ते दहा वॅट घेत असेल तर ४२ वॅट-तासांची बॅटरी चार ते पाच तास चालते. जाहिरातीतील दहा-बारा तास आपल्या घरी सहसा येत नाहीत. बहुतेक कंपन्यांच्या प्रणालीत बॅटरी ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय असते. यंत्र दिवसभर विजेवर जोडलेले राहणार असेल तर ती सोय चालू ठेवावी. बॅटरीचे आयुष्य वाढते.

आता पैशाकडे येऊ. २०२५ च्या मध्यास बाजाराची स्थिती ढोबळ मानाने अशी होती : पंचवीस हजारांच्या आसपास एन-मालिकेची अशक्त यंत्रे, पस्तीस-चाळीस हजारांत आय-थ्री अथवा त्या तोडीची, पंचेचाळीस ते पंचावन्न हजारांत बाराव्या-तेराव्या पिढीचा आय-फाइव्ह वा सहा गाभ्यांचा रायझन, आणि साठ-सत्तर हजारांत स्वतंत्र ग्राफिक्सची वाट. त्या वर्षाच्या अखेरीपासून स्मृतीचे भाव जगभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांसाठी स्मृतीची मागणी एवढी वाढली की निर्मात्यांनी आपले उत्पादन तिकडे वळविले, आणि त्याची झळ उज्जैनच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपलाही लागली. त्यामुळे वरील आकड्यांवर काही हजार वाढ धरावी आणि खरेदीच्या आठवड्यात तीन ठिकाणचे भाव विचारावेत. आपल्या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर तिसऱ्या टप्प्यात आहे, असे माझे मत आहे. तो टप्पा गाठण्यासाठी दोन-तीन महिने थांबून पैसे साठवावे लागले तरी थांबावे. घाईने घेतलेले पहिल्या टप्प्याचे यंत्र वर्षभरात डोकेदुखी होते.

आणि ज्या घरी शासनाच्या पंचवीस हजारांवर एक रुपयाही घालणे शक्य नाही, तेथे काय करावे? अशी घरे आहेत, आणि गुणवत्ता यादीत त्यांची मुले पुढे असतात. त्यांनी नवे दुबळे यंत्र घेण्यापेक्षा कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून हमीसह विकले जाणारे चांगल्या जातीचे जुने यंत्र घ्यावे. अशा यंत्रांची बांधणी दणकट असते आणि त्यांत रॅम बहुधा बदलता येते. येथे एक अट अत्यंत महत्त्वाची आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालील यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे कार्यालयांनी मोठ्या संख्येने काढून टाकली असून बाजारात ती 'आय-सेव्हन' या भारदस्त नावाने दहा-पंधरा हजारांत मांडलेली असतात. ती घेऊ नयेत. व्हॅलोरंटसारखा खेळही विंडोज ११ वर सुरक्षेची टीपीएम चकती व तिच्याशी निगडित व्यवस्था मागतो. आठवी पिढी ही लक्ष्मणरेषा. दहावी-अकरावी मिळाली तर उत्तम. खेळ त्यावर हलकेच चालतील हे मुलास आधी सांगावे. तो समजूतदार असतो. त्याच्या समजूतदारपणावर आपणच पुरेसा विश्वास टाकीत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी घरीच चार प्रश्न लिहून न्यावेत : प्रोसेसरचे पूर्ण नाव काय? रॅमची रिकामी खाच आहे काय? पडदा कोणत्या प्रकारचा? विंडोज मूळ परवान्याची आहे की नंतर घातलेली? चौथा प्रश्न विसरू नये. काही यंत्रे विंडोजशिवाय स्वस्तात विकली जातात आणि दुकानदार 'डलवा देंगे' म्हणून चोरटी प्रत घालून देतो. अशी प्रत म्हणजे घराच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. कार्यालयीन लेखनासाठी लिब्रे ऑफिस ही प्रणाली मोफत व उत्तम आहे. चोरी करण्याचे कारणच नाही.

हमी सामान्यतः एक वर्षाची असते. तंत्रज्ञ घरी येणार की यंत्र घेऊन आपल्याला जावे लागणार, हे विचारावे. कंपनीचे सेवाकेंद्र आपल्या गावात आहे काय हे दुकानदाराच्या शब्दावर न ठेवता कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. दर वेळी इंदूरचा जेल रोड गाठावा लागणार असेल तर थोड्याशा स्वस्ताईला अर्थ उरत नाही. महाजालावर घेतल्यास खोके उघडतानाची चित्रफीत काढावी. कोठूनही घेतले तरी जीएसटीसह पक्के बिल घ्यावे, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक असावा आणि तो यंत्राच्या तळाशी लिहिलेल्या अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे; 'बिना बिल के कम कर देंगे' असे म्हणणारा तो कर वाचवीत नाही, तुमची हमी कापून घेतो. तक्रार निवारली गेली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर दाद मागता येते.

घरी आल्यावर माळव्याच्या उन्हाळ्यास विसरू नये. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि तापलेले यंत्र स्वतःस वाचविण्यासाठी आपली गती कमी करते. मुलगा म्हणतो यंत्र बिघडले, वस्तुतः ते धापा टाकीत असते. गादीवर अथवा उशीवर ठेवून यंत्र चालवू नये, कारण हवेची छिद्रे तळाशी असतात. वर्षातून एकदा पंख्यातील धूळ जाणकाराकडून काढून घ्यावी. चार्जरच्या तीन पायांचा प्लग तीन छिद्रांच्या, खरोखर भूमीशी जोडलेल्या खोबणीतच लावावा. धातूच्या यंत्राला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले तर वायरमन बोलावून घरचे अर्थिंग तपासून घ्यावे.

शेवटी यंत्राच्या जागेविषयी. पहिले वर्षभर तरी ते बैठकीच्या खोलीत, सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरील टेबलावर असावे. पहारा ठेवणे हा त्यातील हेतू नसावा. घरातील पैसा ज्यात गुंतला ते घरातील सर्वांचे आहे, एवढे त्यातून मुलास उमजावे. त्यावर आईची पाककृती लिहिली जावी, वडिलांचे पेन्शनचे अर्ज भरले जावेत, धाकटीने चित्र काढावे आणि सायंकाळी मोठ्याने उघडपणे तासभर खेळावे. जो खेळ सर्वांच्या देखत खेळला जातो तो सहसा मर्यादा ओलांडीत नाही.

असो. पंचवीस हजार रुपये शासन देते, उरलेले घर घालते. पण यंत्राचे पूर्ण नाव वाचण्याचे श्रम मुलालाच करू द्यावेत. बारावीत पंचाहत्तर टक्के मिळविणाऱ्यास ते अवघड नाही, आणि आपल्या माणसांच्या कष्टाचा पैसा विचाराने कसा खर्च करावा, हा पाठ त्यास त्यातूनच मिळेल.